आत सांग, बाहेर सांग

पॅसेज

घर एका सरळ रेषेत होतं. मागं स्वयंपाकघर, पुढं बाहेरची खोली आणि मधे पॅसेज. पॅसेजमध्ये उजेड नव्हता, पण तो लांबही नव्हता. आत कुणी शिंकलं की बाहेरचं शिलाई मशीन क्षणभर थांबायचं आणि बाहेर कैची पडली की आत मास्तरीण दचकायची. म्हणजे ऐकू सगळं जात होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे झालं ते ऐकू न गेल्यामुळं झालं, असं कुणाला वाटायला नको.

नवी बाई कामाला आली त्या सकाळी मास्तरिणीनं तिला सगळं नीट समजावलं. भांडी, फरशी, कपडे, खिडक्यांच्या जाळ्या. बाई मान हलवत भांड्यांना लागली. तेवढ्यात चहा उकळला.

"बाहेर विचार, चहा आत्ता हवा की मागाहून."

"बाहेर कुणाला?"

"यांना."

बाईनं पॅसेजमधून डोकावून पाहिलं. पलीकडच्या टोकाला गळ्यात टेप घातलेले, मशीनवर वाकलेले मास्तर दिसत होते. "इथनं तर दिसताहेत. तुम्हीच विचारा की."

"मला विचारायचं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

बाई हात पुसून गेली आणि आली. "मागाहून म्हणाले." नळ सोडला, परत बंद केला. "भांडण झालंय का हो?"

"नाही."

"मग?"

"भांडण झालं असतं तर एव्हाना मिटलं असतं," मास्तरीण म्हणाली आणि चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

कोट

खरं तर गोष्ट बाईपासून सुरू करायला नको होती. कोटापासून करायला हवी होती. तर पुन्हा.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळा त्यांनी कधी घेतली नाही, पण ज्याच्या गळ्यात टेप तो मास्तर, आणि त्याची बायको मास्तरीण. दुकान होतं तेव्हा लांबून लांबून लोक त्यांच्याकडं कोट शिवायला यायचे, आणि यायचे ते खांद्यासाठी. मास्तरांच्या कोटाचा खांदा माणसावर असा बसायचा की पोक काढून चालणारासुद्धा आरशापुढं ताठ व्हायचा. "बाकी सगळं कुणीही शिवेल," मास्तर म्हणायचे, "खांदा बसवता आला पाहिजे." हे मास्तरिणीनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिलाही कोट दिसला की आधी खांदा दिसायचा.

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी त्याचा कोट शिवायला घेतला. मशीनवर होण्यासारखं कामसुद्धा हातानं केलं. अस्तराची तुरपाई करताना त्यांना बोलावलेलं खपायचं नाही. मुलानं घालून पाहिला, "मस्त झालाय, बाबा" म्हणाला, आणि लग्नात तयार कोट घालून उभा राहिला. सासऱ्यांनी आणलेला, मोठ्या दुकानातला. नाही कसं म्हणायचं.

मास्तर काही बोलले नाहीत. इथवर काहीच बिघडलं नव्हतं.

मग विहीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "कसा दिसतोय हो तुम्हाला?" आणि मास्तरीण चारचौघांत, मास्तर शेजारी उभे असताना, बोलून गेली, "छानच. खांद्यात बघा ना कसा बसलाय."

तिला दुसरं कौतुक येतच नव्हतं. कोटाबद्दल बोलायचे शब्द तिच्याकडं जे होते ते सगळे मास्तरांचेच होते.

घरी आल्यावर मास्तरांनी खुंटीवरचा टेप काढून गळ्यात घातला आणि म्हणाले, "यापुढं माझ्याशी बोलायचं नाही." संसारात त्यांचं तिनं पुष्कळ ऐकलं नव्हतं. नेमकं हे ऐकलं.

माफी मागायला हवी होती हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. पण बोलायचं नाही तर माफी मागायची कशी, आणि माफी मागितल्याशिवाय बोलायचं कसं? अशा गाठीला मास्तर कैची लावायचे. तिच्याकडं कैची नव्हती.

आधी मुलगा निरोप न्यायचा. तो बायकोला घेऊन दुसऱ्या शहरात गेल्यावर शेजारीण, दूधवाला, जो उंबऱ्यात सापडेल तो. एकदा तर विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाबरोबर "बाहेर सांगा, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात" असा निरोप गेला. तो माणूस मीटर न बघताच गेला. मग एकामागून एक कामवाल्या झाल्या. कुणी हसायची, कुणी चिडायची, कुणी "हे माझ्या कामात नाही" म्हणून सोडून जायची. आत म्हणजे मास्तरीण आणि बाहेर म्हणजे मास्तर, एवढं शिकेपर्यंतच बऱ्याचजणी टिकल्या.

मास्तरिणीला फार मोठं काही नको होतं. पूर्वी ते तिला "ए" म्हणून हाक मारायचे. ए, चष्मा कुठंय. ए, दोरा संपला. कुणाच्या तोंडून न येता, थेट, एकदा तेवढं "ए" कानावर पडावं, बस. पुढं चष्म्याचं का असेना.

बाहेर

बाहेरच्या खोलीत काय चालायचं ते इथं सांगता येणार नाही. मास्तरीण तिथं थांबत नसे. येता-जाता ती खाली मान घालून दारातून निघून जायची. तिला ठाऊक होतं ते मशीन: लांब टीप असली की सलग धावणारं, काठ दुमडायचा असला की अडखळणारं. दुकान गेलं तरी मास्तर उशांचे अभ्रे, पिशव्या, शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करणं असलं काहीबाही करत राहिले होते. मशीन थांबलं की ती कान द्यायची. सुरू झालं की आपल्या कामाला लागायची.

आत

बाई काही फार चांगली कामवाली नव्हती. कोपरे तसेच सोडायची. तिच्या हातून कपांचे कान तुटायचे आणि ती ते कान जपून खिडकीत ठेवायची, जणू पुढंमागं उपयोगी पडतील. आमटीचा डाव कुठं ठेवायचा ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. न सांगता दांडी मारायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन मास्तरिणीलाच विचारायची, "काल किती वाट बघितलीत?"

दुसरी कुणी असती तर मास्तरिणीनं केव्हाच हात जोडले असते. पण बाई निरोप आणायची.

सुरुवातीला कोरडेच असायचे. मागाहून. नको. ठेव म्हणाले. मग एके दिवशी जेवणानंतर बाई ताट घेऊन आली आणि म्हणाली, "बाहेर म्हणतात, भाजी चांगली झालीय."

मास्तरीण ओट्याशी उभी होती ती तशीच राहिली. "कोण म्हणतं?"

"बाहेर. दुसरं कोण आहे तिकडं?"

पुढं हळूहळू वाढत गेलं. बाहेर विचारतात, गुडघा कसा आहे. बाहेर म्हणतात, त्या कोमट तेलानं फरक पडेल. बाहेर म्हणतात, निवडायला खिडकीशी बसावं, अंधारात डोळे कशाला फोडायचे. एकदा तर, बाहेर म्हणतात, काल खोकत होतात, औषध घेतलं का?

काय गंमत असते बघा. त्या दिवशी मास्तरिणीला खोकला नव्हता. पण तिनं औषध घेतलं.

ती खिडकीशी बसायला लागली. गुडघ्याला तेल लावायला लागली. बाहेर जाणाऱ्या चहाची बशी स्वतः पुसायला लागली. तिचे निरोपही बदलले. पूर्वी "बाहेर सांग, जेवण झालंय" एवढ्यावर भागायचं. आता "बाहेर सांग, गरम आहे तोवर या, मागच्या वेळी आवडलं म्हणालात म्हणून तसंच केलंय" असं व्हायला लागलं. बाई फडकं खांद्यावर टाकून ते सगळं ऐकायची आणि पॅसेजमधून निघून जायची. ती परत येईपर्यंत मास्तरीण दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायची. तेवढाच वेळ दिवसाला काही चव असायची.

समोरासमोर मात्र काहीच हललं नव्हतं. ती बाजाराला जाताना बाहेरच्या खोलीतून जायची तेव्हा मास्तर मान वर करत नसत. "तोंडावर लाज वाटत असेल," ती बाईला म्हणाली. "या वयात एकदम कसं बोलायचं."

"वाटतच असेल," बाई म्हणाली.

त्या दुपारी भाजी निवडता निवडता मास्तरिणीनं तिला कोटाचं सगळं सांगितलं. विहीणबाईंसकट. बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढ्यावरनं?"

"शिंप्याला ते एवढं नसतं गं."

जाताना

बाईच्या लेकीचे दिवस भरत आले. बाईला काही आठवडे तरी तिच्याकडं जावं लागणार होतं. "बदली देऊन जाते," ती म्हणाली. "माझी नणंद आहे. नणंद असून बोलत नाही फारशी."

जायच्या आदल्या दिवशी बाईनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. कोपरे काढले. करपलेली पातेली लख्ख दिसेपर्यंत घासली. गॅसखालचा चिकटा खरवडला. पंख्याची पाती पुसली. खिडकीतले कपांचे कानसुद्धा टाकून दिले. "माणसानं घर असं ठेवून जावं की मागच्याला नावं ठेवायला जागा नको," ती म्हणाली. मास्तरिणीला भरून आलं आणि थोडा रागही आला, की हे हिला येत होतं तर.

सगळं झाल्यावर बाई बाहेर निरोप घ्यायला गेली. आली ती दारात थांबली.

"बाहेर म्हणतात…"

"काय?"

"कोटाचं आता काही मनात नाही म्हणाले."

मास्तरीण खाली बसली. जवळ स्टूल होतं ते बरं. "नीट सांग. कसे म्हणाले?"

"असंच. मशीन थांबवलं, आणि म्हणाले."

मशीन थांबलं होतं का? मास्तरिणीनं आठवून पाहिलं. तिच्या कानात तर सलग टीप चालू होती, लांब, चादरीच्या काठासारखी. पण आज तिचं लक्ष पंख्याच्या पात्यांकडं होतं. थांबलंच असणार.

"बरं, येते," बाई म्हणाली आणि घाईनं चपला घालून गेली.

बदली

बदली आली. उंच, सावकाश. काम चोख. डाव जागच्या जागी.

"बाहेर सांग, जेवण झालंय. आणि म्हणावं, आज बाई नाही तर ताट मीच वाढून ठेवलंय."

गेली. आली.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"मान हलवली असेल."

"नाही."

"तुझ्याकडं बघितलं तरी?"

"नाही. मशीन चालू होतं."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मास्तरिणीनं ठरवून सोपा निरोप दिला, ज्याला उत्तर द्यावंच लागेल असा. "बाहेर विचार, गुडघ्याला कोणतं तेल म्हणाला होतात?"

बदली गेली, आली. "कुणाचा गुडघा, म्हणाले."

मास्तरीण हसली. हसताना हातातली बशी कपावर वाजली. "विसरले. वय झालं." मग तिनं बदलीकडं जरा निरखून पाहिलं. काही बायकांना बादली भरून आणायला सांगितली की निम्मं पाणी वाटेत सांडतात. ही निरोप सांडणारी दिसत होती. बाहेरून निघताना पुरता असणार. पॅसेजमध्ये, त्या अंधारात, कुठंतरी गळत असणार. बाई होती तेव्हा कसा काठोकाठ यायचा.

असल्या बाईच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. आणि आता राहायचं तरी कशाला? मनात काही नाही म्हणालेच आहेत. म्हणजे बोलायचं नाही हा हुकूमही उठला. आता पाय उचलून जायचं तेवढं बाकी.

मनात

मास्तरीण पॅसेजमधून गेली, मनात. कोट हातावर घेऊन गेली. म्हणाली, अहो, हा कोट. ते म्हणाले, असू दे आता.

पुन्हा गेली. कोट न घेता गेली. नुसती दारात उभी राहिली. ते म्हणाले, ए, बस की.

पुन्हा गेली. या वेळी काहीतरी विचारायला गेली, चष्मा दिसतोय का तुम्हाला म्हणून, आणि चष्मा त्यांच्या नाकावरच होता, आणि दोघं हसली. हे तिला जरा नाटकी वाटलं. तिनं ते सोडून दिलं.

पुन्हा गेली, मधे अडखळली, परत आली. मनातसुद्धा.

पॅसेज, पायांनी

जेवणं झाली होती. बदली बाहेरच्या खोलीत फरशी पुसत होती. मास्तरिणीनं कपाटाच्या तळातून मुलानं न घातलेला तो कोट काढला. डांबरगोळ्यांचा वास. तिनं तो झटकला, बाहीवरून हात फिरवला आणि निघाली. पॅसेज तिला वाटला होता त्याहून आखूड निघाला. मनात इतक्यांदा जाऊन तो लांबला होता बहुतेक.

"अहो."

मशीन चालू होतं.

"अहो."

मशीन थांबलं. मास्तरांनी मान वर केली, पण नजर कोटापर्यंत आली आणि तिथंच राहिली.

"बाईजवळ म्हणालात ना, मनात नाही म्हणून." तिचा आवाज तिला परका वाटला. या खोलीत तो किती दिवसांत आला नव्हता. "माझं चुकलं. खांदा तुमचाच चांगला होता. त्या दिवशीसुद्धा मला दिसत होतं. तोंडातून भलतंच गेलं."

मास्तरांनी हात पुढं केला. तिनं कोट दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, खांद्याच्या शिवणीवर अंगठा ठेवला आणि कॉलरपासून बाहीपर्यंत सावकाश नेला. मास्तरीण श्वास धरून उभी होती. हा अंगठा तिला ओळखीचा होता. काम पसंत पडलं की तो असा चालायचा.

"ए," मास्तर म्हणाले.

तिनं ओ दिलीसुद्धा. अगदी हळू, पण दिली.

मास्तर तिच्या बाजूनं, तिच्या पलीकडं बघत होते. बदलीकडं. "ए, ऐकलंस का? आत सांग. मी असं काही कुणाजवळ म्हटलेलं नाही."

बदलीनं ओलं फडकं बादलीत ठेवलं. मास्तरांकडं पाहिलं. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मास्तरिणीकडं पाहिलं. मग हात पुसले आणि पॅसेजमधून आत निघून गेली.

मशीन सुरू झालं.

मास्तरिणीला आत जाण्यावाचून दुसरी जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा बदली ओट्याशी उभी होती, तिची वाट बघत.

"बाहेर म्हणतात, मी असं काही कुणाजवळ म्हटलेलं नाही."

"ऐकलं मी."

"हो. पण आत सांग म्हणाले."

फडकी

दुसऱ्या दिवशी मशीन खूप वेळ चाललं. काठ दुमडल्याचा आवाज, परत काठ, परत काठ. आधी उसवण्याचा तो बारीक टर्र टर्रही आला होता. मास्तरिणीनं तो ऐकला आणि कुकरची शिटी होऊ दिली.

बदली हातात छोटासा गठ्ठा घेऊन आली. गरम भांडी उतरवायची फडकी. वर कोटाचं कापड, आत अस्तर दुहेरी, चारी बाजूंनी काठ मुडपून टीप मारलेली, एका कोपऱ्यात खिळ्याला अडकवायला नाडी. एकाही फडक्याचा धागा निघालेला नव्हता.

"बाहेर म्हणतात, आत दे."

"आणखी काही?"

"नाही."

मास्तरीण ती फडकी घेऊन खिडकीशी बसली. आता खिडकीशी बसायची सवय लागली होती. नाडी कशाला लावली असेल? खिळा ओट्याच्या वर आहे हे त्यांना आठवत असेल का? की नाडी लावायची म्हणून लावली, जशी प्रत्येक फडक्याला लावतात? बाई असती तर सांगितलं असतं काहीतरी. तिनं एकेक तुकडा उजेडाला धरला. यातला खांद्याचा कोणता ते तिला ओळखता येईना. खांदा एकदा सपाट केला की त्याचा खांदा राहत नाही.

त्या रविवारी मुलाचा फोन आला. "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"बोलतात?"

"सध्या बदली बाई आहे," मास्तरीण म्हणाली.

बाई

बाई आली. नात झाली होती, बाळाचं नाक बाईवर गेलं होतं, जावई रडला होता. हे सगळं चपला काढता काढताच सांगून झालं. मग ती ओट्याशी आली आणि फडक्यांकडं तिचं लक्ष गेलं. "छान आहेत ही. कुठनं आणली?"

"बाहेरून."

बाईनं फडकं हातात घेतलं, कापड चिमटीत धरलं. कोटाचं होतं. तिनं नळ सोडला. मास्तरिणीनं तो बंद केला.

"कोटाचं ते कधी म्हणाले होते?"

बाई नळाच्या तोंडाकडं बघत राहिली. तिथनं एक थेंब सुटत होता. "म्हणाले नव्हते."

"आणि गुडघा?"

"नाही."

"खिडकी?"

"नाही."

"भाजी चांगली झालीय?"

"भाजीचं म्हणाले होते," बाई जरा धीर येऊन म्हणाली. "मीठ जास्त झालंय असं म्हणाले होते."

"तू चांगली म्हणालीस."

"मीठ सोडलं तर चांगलीच होती, मास्तरीणबाई. मी खाल्ली होती ना."

हसायचं असतं तर मास्तरिणीला इथं हसता आलं असतं. "का केलंस असं?"

"आता काय सांगू." बाईनं कोरडेच हात पुसले. "मी जायची, उभी राहायची. मशीन चालायचं. वळून बघितलं की तुम्ही इकडं चौकटीला धरून उभ्या. रिकाम्या हातानं आत कसं यायचं?"

"आणि ते शेवटचं?"

"जायचं होतं ना दुसऱ्या दिवशी. म्हटलं सगळं घासूनपुसून जावं." ती थांबली. "ते तसं पुसायचं नव्हतं, हे मला तिकडं गेल्यावर कळलं."

मग मास्तरिणीनं जे विचारलं ते विचारायला नको होतं, हे तिला विचारतानाच समजत होतं. "मी सांगायची ते? ते बाहेर सांगायचीस?"

"सांगायची की."

"सगळं?"

"शब्द न् शब्द," बाई म्हणाली. निदान एवढी तरी आपली बाजू स्वच्छ आहे, अशा घाईनं. "त्यात मी एक अक्षर घातलं नाही. घालायला जागाच नसायची. तुमचं भरलेलंच असायचं."

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. गरम आहे तोवर या. आवडलं म्हणालात म्हणून तसंच केलंय. सगळं. आणि मशीन चालू ठेवलं होतं.

मास्तरिणीनं फडकं बाईच्या हातातून घेतलं आणि खिळ्याला अडकवलं. "यापुढं म्हणतील तेवढंच आणायचं. वर काही नाही."

"आणि काही म्हणालेच नाहीत तर?"

"तर काही नाही म्हणायचं."

काही नाही

काही नाही. काही नाही. नको म्हणाले. काही नाही. ठेव म्हणाले. काही नाही.

बाई पुन्हा कोपरे सोडायला लागली. पॅसेजमधून जाताना पूर्वी तिची पावलं वाजायची, आता ती घसटत जायची, आणि जाते तशी परत यायची. मास्तरीण चौकटीशी उभी राहत नसे. गुडघ्याचं तेल फडताळात मागं गेलं. भाजी निवडायला ती ओट्याशीच बसायची, पाठ खिडकीकडं करून.

असंच चाललं होतं. एका सकाळी बाई बाहेरून परत आली. मास्तरिणीनं विळी पुढ्यात घेतली होती, भाजी बाजूला टोपलीत होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

मास्तरीण विळीच्या पात्याकडं बघत म्हणाली, "एवढा पॅसेज चालून आलीस. वाटेत काहीच सुचलं नाही?"

बाईनं दचकून तिच्याकडं पाहिलं. "तुम्हीच तर बजावलंत."

"हो, मीच बजावलं."

बाई उभी राहिली. तिनं मनात शोधाशोध चालवली होती ती दिसत होती. डाव शोधताना करायची तशी, सगळे चुकीचे खण उघडून.

"बाहेर म्हणतात," ती अखेरीस म्हणाली, "भाजी चांगली झालीय."

दोघींनी टोपलीकडं पाहिलं. भाजी अजून चिरायची होती.

दोघींतली एकही हसली नाही. बाई फरशीवर बसली, मास्तरिणीच्या समोर. "जमत नाही आता," ती म्हणाली. "पूर्वी तुम्ही खरं मानायचात, तर मला सुचायचं. पॅसेजच्या मध्यावर आले की आपोआप सुचायचं. आता दोघींनाही माहीत आहे म्हटल्यावर नुसतं तोंड हलतं."

"बरं," मास्तरीण म्हणाली. "ऊठ. गार आहे फरशी."

बाई उठली. मास्तरिणीला काहीतरी सांगावंसं वाटलं. ते बाईला सांगायचं नव्हतं. "बाहेर सांग," ती म्हणाली.

बाई थांबली. "काय सांगू?"

मास्तरिणीनं शोधलं. जेवण, चहा, गोळ्या, पाऊसपाणी, मुलाचा फोन. प्रत्येक शब्द आधीच कधीतरी बाहेर जाऊन आला होता. बाहेर मशीन लांब टीप घालत होतं.

"काही नाही."

बाईला क्षणभर कळलं नाही, हे सांगायचं नाही की हेच सांगायचं. मग तिनं कोटाच्या फडक्याला हात पुसले, ते नाडीनं खिळ्याला अडकवलं आणि पॅसेजमधून बाहेर गेली.

मशीन थांबलं नाही.

ती परत आली तेव्हा मास्तरीण भाजी चिरत होती. तिनं काही विचारलं नाही, आणि बाईनं सांगितलं नाही. बाईनं नळ सोडला.